पाड्यासोबत वाचनालय कसं चालवायचं – आदिवासी तालुक्यातल्या ग्रंथालयांसाठी, पायरी-पायरीने

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं अकरा हजारांच्या वर आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी, अ ब क ड अशा वर्गातली. त्यातली काही जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ, धडगाव, अक्कलकुवा, धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड अशा तालुक्यांत आहेत जिथे बहुसंख्य लोक आदिवासी आहेत. आणि मी अशा भागातली जेवढी सभासद रजिस्टरं चाळलीत त्यात बाजारपेठेतले दुकानदार, मास्तर, बँकेतले लोक, रिटायर्ड ग्रामसेवक हेच जास्त. पाड्यावरचं नाव शोधावं लागतं, आणि सापडलं तर ते पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या पोराचं असतं.

मग ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, एक टेबल मांडायचं, वारली चित्राचं कापड अंथरायचं, बिरसा मुंडांचा फोटो, चार पुस्तकं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, झालं. हे वाईट आहे असं नाही पण याने पाड्यावरचा एकही माणूस दुसऱ्या दिवशी वाचनालयात येत नाही.

ज्यांना खरंच काही करायचंय अशा ग्रंथपालांसाठी आणि कार्यकारिणीतल्या लोकांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच की आधी द्या, मग मागा, आणि जे मागून घ्याल त्याची चावी पाड्याकडे राहू द्या. बाकी सगळं याच्याच खाली येतं.

पायरी १: आपला तालुका कोणाचा आहे ते आधी बघा

"आदिवासी" हा एकच गठ्ठा नाहीये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाख, म्हणजे ९.३५ टक्के. त्यात भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, पावरा, मावची, कोरकू, आंध, परधान असे कितीतरी, शिवाय कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तिघांना सरकारने विशेष असुरक्षित गटात धरलंय. भाषा तर पूर्ण वेगवेगळ्या. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्रविड कुळातल्या, म्हणजे तेलुगूच्या जवळच्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, तिचं नातं थेट झारखंडच्या मुंडारी, संथाळीशी. आणि आपण मात्र सरसकट "त्यांची बोली" म्हणून मोकळे होतो, जणू सगळ्या मराठीच्याच पोटभाषा.

एक कोरा कागद घ्या आणि वाचनालयापासून वीसेक किलोमीटरच्या आतले सगळे पाडे लिहा. प्रत्येकासमोर कोण राहतं, घरात काय बोलतात, बाजाराला कुठे येतात, शेवटची एसटी किती वाजता जाते. मग शेजारी वर्षाचं कॅलेंडर काढा. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला लोक पहाटेच बाहेर, मे महिन्यात विदर्भात तेंदूपत्ता, जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. कातकरी कुटुंबं दिवाळीच्या पुढेमागे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. नंदुरबारकडचे ऊसतोडीला गुजरातमध्ये. आता आपला "वाचन सप्ताह" कुठल्या तारखेला ठेवलाय ते बघा. बहुतेक वेळा पाडा रिकामा असतानाच ठेवलेला असतो, आणि मग आपणच म्हणतो की "यांना वाचनाची आवडच नाही".

पायरी २: परवानगी कोणाकडे मागायची

इथे बरेच जण चुकतात. सरपंचाला भेटतात, ग्रामपंचायतीचा ठराव घेतात, झालं. पण महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांमध्ये संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचं अनुसूचित क्षेत्र आहे आणि तिथे १९९६ चा पेसा कायदा (आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा) लागू होतो, त्याचे राज्याचे नियम २०१४ चे. या नियमांप्रमाणे पाडा किंवा वस्तीसुद्धा स्वतःला वेगळं गाव म्हणून घोषित करून घेऊ शकते आणि तिची स्वतःची ग्रामसभा असते. एका ग्रामपंचायतीत अशा चार-पाच ग्रामसभा असू शकतात. सरपंच तिसऱ्याच पाड्यावरचा असेल, आणि तुम्हाला ज्या पाड्याची गाणी रेकॉर्ड करायचीत तिथल्या लोकांना त्या ठरावाचा पत्ताही नसेल.

म्हणून पाड्याच्या ग्रामसभेत जायचं. अजेंड्यावर विषय घ्यायला सांगायचा आणि पहिल्या वेळी फक्त विचारायचं की तुम्हाला वाचनालयाकडून काय पाहिजे. आपली योजना सांगायची नाही. हे अवघड जातं कारण आपण प्रोजेक्टचा कागद खिशात घेऊनच गेलेलो असतो.

उत्तर लगेच येणार नाही, लोक एकमेकांकडे बघतील, कोणीतरी "रस्ता द्या" म्हणेल. तेही लिहून घ्यायचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण बऱ्याच जणांना माहितीये, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाच्या आधी अभ्यास गट बसतो, जंगलावर, कायद्यावर, हिशोबावर, बाहेरच्या जाणकाराला बोलावून तासन् तास चर्चा चालते. मला नेहमी वाटतं की वाचनालयवाल्यांनी या अभ्यास गटाकडे बघायला पाहिजे, कारण वाचनालय ज्यासाठी असतं तेच तिथे चाललंय, फक्त कपाटं नाहीत. तुमच्या भागात असा गट, बचत गट, वनहक्क समिती, युवक मंडळ काही असेल तर त्यालाच जोडून घ्या. नवीन "वाचक मंच" काढत बसू नका.

पायरी ३: आधी कागद द्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

पाड्यावरच्या माणसाला कागदांचा सगळ्यात जास्त त्रास दोन ठिकाणी होतो, वनहक्क दावा (कसत असलेल्या किंवा वापरत असलेल्या जंगलावरचा हक्क मागणं) आणि जात पडताळणी (जातीचा दाखला सरकारी समितीकडून तपासून घेणं). दोन्हीत जुने पुरावे लागतात. आणि जुने कागद सांभाळणं हे तर वाचनालयाचंच काम आहे ना?

वनहक्काचं आधी बघू. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम २००८ चे, २०१२ मध्ये सुधारलेले, त्यातल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं), जनगणना अहवाल, सर्व्हे-सेटलमेंट रिपोर्ट, नकाशे, वनखात्याचे वर्किंग प्लॅन अशी सरकारी कागदपत्रं स्पष्ट लिहिलेली आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदनही चालतं. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही.

आता तुमच्या संदर्भ विभागातलं ते जाड, कोणी हात न लावणारं गॅझेटियर काढा. मुंबई इलाख्याचा ठाणे खंड १८८२ चा, खानदेश १८८० चा, नाशिक १८८३ चा. त्यात कुठल्या डोंगरावर कोण राहतं, जंगलातून काय गोळा करतात, कुठे बाजार भरतो, कुठल्या देवाची जत्रा, हे पानापानावर आहे. पाड्याच्या सामूहिक दाव्याच्या फाईलमध्ये त्या पानाची नक्कल लागू शकते. गॅझेटियर विभागाने बरेच खंड ऑनलाइन टाकलेत, त्यामुळे तुमच्याकडे छापील प्रत नसली तरी अडत नाही. सगळं इंग्रजीत आहे हीच खरी अडचण, आणि तिथेच वाचनालयाचं काम सुरू होतं.

करायचं काय तर एका दुपारी तुमच्या तालुक्याशी संबंधित सगळी पानं शोधायची. प्रत्येक पानाची झेरॉक्स, सोबत मुखपृष्ठाची झेरॉक्स (वर्ष आणि खंड दिसला पाहिजे, नुसतं सुटं पान कोणी विचारात घेत नाही), खाली दोन-चार ओळीत मराठीत सारांश. गाववार फाईल. हे पाड्याच्या वनहक्क समितीच्या हातात फुकट द्यायचं, झेरॉक्सचे दोन रुपये मागत बसायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं निवेदन टाइप करून हवं असेल तर कॉम्प्युटर आहेच, टाइप करा, वाचून दाखवा, त्यांच्या भाषेत कोणाकडून तरी समजावून सांगा आणि मगच अंगठा. आणि एक नक्की पाळा, दावा कसा लिहायचा, किती जमीन दाखवायची, असले सल्ले आपण द्यायचे नाहीत. ते काम समितीचं आणि त्या विषयात काम करणाऱ्या संघटनांचं.

एक सावधगिरी. या गॅझेटियरमधली भाषा साहेबाची आहे, कातकऱ्यांबद्दल, भिल्लांबद्दल चीड येईल असं लिहिलंय, "चोर", "आळशी" वगैरे. ते पान तसंच कोणाच्या हातात कोंबू नका. आधी सांगा की यात असं असं लिहिलंय, पुरावा म्हणून याचा उपयोग आहे, घ्यायचं की नाही तुम्ही ठरवा.

जात पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे सगळ्यात वजनदार धरतात. आजोबा-पणजोबाचं शाळेतलं दाखल-खारिज रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुने महसुली कागद. हे वाचनालयात नसणार, पण कुठला कागद कुठल्या ऑफिसात मिळतो, अर्ज कसा करायचा, याचा एक मोठा तक्ता दाराजवळ लावता येतो. बारावीचा रिझल्ट लागला की पोरं आणि बाप दोघंही याच कागदासाठी वणवण फिरतात, आणि तेव्हा त्यांना वाचनालय आठवलं पाहिजे. अजून एक गोष्ट, समित्या चालीरीती, देव, लग्नविधी यावर प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न बऱ्याचदा जुन्या पुस्तकांवरून काढलेले असतात, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेलं आजच्या पोराला पाठ पाहिजे अशी अपेक्षा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ही आप्तभाव चाचणी म्हणजे काही शेवटचा निकष नाही. पण यावरून कळतं की आपल्या कपाटातलं समाजवर्णनाचं पुस्तक नुसतं पुस्तक नसतं, त्याने कोणाची अ‍ॅडमिशन अडकू शकते.

पायरी ४: दार आणि वेळ

अनामत रक्कम, ओळखीचा जामीनदार, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. बाजारपेठेतल्या माणसाला यात काही वाटत नाही. कातकरी कुटुंबाकडे यातलं निम्मं नसतं, आणि ज्याच्याकडे कागद नाही तो कागद मागणाऱ्या दारात दुसऱ्यांदा येत नाही. कार्यकारिणीत ठराव करून पाड्याच्या ग्रामसभेच्या नावाने एक सामूहिक सभासदत्व करा, अनामत शून्य, जबाबदारी पाड्याने नेमलेल्या एका व्यक्तीची.

वेळ म्हणाल तर आठवडी बाजाराच्या दिवशी वाचनालय दिवसभर उघडं पाहिजे, भले दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ बंद ठेवा. तालुक्यातला प्रत्येक पाडा त्या एका दिवशी तुमच्या दारावरून जातो! पिण्याचं पाणी, बसायला जागा, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट आणि फोन चार्जिंगचा एक बोर्ड. हसू नका, चार्जिंगला आलेला माणूस तासभर बसतो आणि समोरचं चाळतो. मी बघितलंय, बाजाराला आलेली एक म्हातारी आजी चार्जिंगच्या बोर्डाखाली बसून वारली चित्रांचं एक मोठं पुस्तक उलटसुलट करत होती, एका पानावर थांबली आणि ग्रंथपालाला म्हणाली, "ह्यो चौक चुकीचा काढलाय, देवी अशी नसतंय." ग्रंथपाल हुशार, त्याने लगेच विचारलं, "मग कशी असते, आजी?" पुढचा अर्धा तास ती बोलत होती. लग्नाचा चौक काढणं हे सुवासिनींचं काम, मध्ये पालघट देवी, आणि पुस्तकातल्या चित्राखाली मात्र नुसतं "वारली नक्षी" असं छापलेलं.

लांबच्या पाड्यांना ग्रंथपेटी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची "ग्रंथ तुमच्या दारी" योजना बऱ्याच जणांनी बघितली असेल, कल्पना तीच, पण पेटीतला माल वेगळा. मोठ्या अक्षरातली, चित्रं जास्त असलेली पुस्तकं, भरतीची दोन-तीन, शेती-कोंबडीपालनाची, कायद्याची सोपी माहिती. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी छोटी पिशवी करा, दहा-बारा पुस्तकांची, आणि ती मुकादमाकडे नाही तर त्या कुटुंबातल्या शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलीकडे द्या. काही पुस्तकं येणार नाहीत, पावसात भिजतील. त्यासाठी आधीच ठराव करून ठेवा आणि वर्षअखेरीस नियमाने निर्लेखन करा, म्हणजे ती नोंदीतून कमी करा, पण त्या मुलीकडून पैसे मागू नका.

अभ्यासिकेबद्दल काही लोक नाक मुरडतात, "नुसते भरतीवाले येतात, साहित्य कोण वाचत नाही". अहो येऊ द्या की. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, ही पोरं रोज सहा तास बसतात, हेच उद्या तुमचे पाड्यावरचे दुवे. गडचिरोलीत तर पोलिसांनीच "एक गाव, एक वाचनालय" म्हणून गावोगावी वाचनालयं काढलीत, यावरून मागणी किती आहे ते समजा. मात्र सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्याने एक पथ्य पाळावं, कोण काय वाचतं याची नोंद देवघेवीपुरती ठेवायची, बाहेर कोणी विचारलं तरी द्यायची नाही. या भागात या गोष्टीचं महत्त्व शहरात बसून कळत नाही.

पायरी ५: कपाटात काय आणि कुठे

आदिवासींविषयीची पुस्तकं आणि आदिवासींनी लिहिलेली पुस्तकं, दोन्ही मोजा. पहिली जास्त निघतील. भुजंग मेश्राम, वाहरू सोनवणे, उषाकिरण आत्राम, नजूबाई गावित यांच्यापासून खरेदीला सुरुवात करा आणि मग छोट्या प्रकाशनांची, संमेलनात टेबलावर विकली जाणारी पुस्तकं बघा, ती वितरकाच्या यादीत नसतात. गणेश देवींच्या पुढाकाराने झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड, अरुण जाखडे यांनी संपादित केलेला, घेऊनच ठेवा. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची प्रकाशनं मागवा, ही १९६२ पासूनची संस्था, तिथे संग्रहालयही आहे. मुलांसाठी स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोंडी गोष्टी आहेत, लायसन्स मोकळं आहे, डाउनलोड करून रंगीत प्रिंट काढा, स्टेपल करा. आणि पाड्यावरच्या कोणाकडून तरी वाचून घ्या आधी, कारण भामरागडची आणि किनवटची गोंडी एक नाही.

वर्गीकरणाचं बघा. छोट्या वाचनालयात आदिवासी म्हटलं की दशांश वर्गीकरणातला ३९८ क्रमांक, लोकसाहित्य. बाबूराव शेडमाके यांना १८५८ मध्ये चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली, राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या, आणि त्यांची चरित्रं दंतकथांच्या शेजारी? ती इतिहासात, ९५४ मध्ये, बाकीच्या क्रांतिकारकांच्या रांगेत लावा. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांबरोबर बसून विषयशीर्षकांची वेगळी यादीच केलीये, कॅनडात ब्रायन डिअर या मोहॉक ग्रंथपालाने स्वतःची वर्गीकरण पद्धत बनवली. आपल्याला एवढं नको, एक-दोन पाड्यांवरच्या शिकलेल्या मुलामुलींना बोलावून कपाट दाखवा आणि विचारा की हे तुम्ही कुठे शोधाल. तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, समाजाचं नाव ते स्वतः घेतात तेच.

पायरी ६: गाणी, गोष्टी रेकॉर्ड करायच्या असतील तर

इथे घाई नको. वरच्या पायऱ्यांना वर्ष-दोन वर्षं दिल्याशिवाय इकडे येऊच नका असं मी म्हणेन.

आधी कायदा कसा चालतो ते समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क सर्वसाधारणपणे ते करवून घेणाऱ्याचा, म्हणजे निर्मात्याचा धरला जातो. गाणाऱ्याला कलाकार म्हणून हक्क आहेत, पण पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या गाण्यावर समाजाचा म्हणून असा सरळ हक्क कायद्यात सापडत नाही. म्हणजे तुम्ही काही न लिहिता फोन समोर धरलात तर कागदोपत्री धवलेरीच्या (वारली लग्न लावणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या बाईच्या) गाण्याचं रेकॉर्डिंग वाचनालयाचं! हे उलटं करायचं असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी लेखी करार करा, सोप्या मराठीत एक पान. रेकॉर्डिंगचे हक्क पाड्याच्या ग्रामसभेकडे, वाचनालय फक्त सांभाळणार, कुठेही द्यायचं, छापायचं, अपलोड करायचं असेल तर परत विचारणार. लिहिता न येणाऱ्यांची संमती त्यांच्याच भाषेत रेकॉर्ड करा, फाईलच्या सुरुवातीला.

मग कोणी ऐकायचं ते ठरवा. चार रंगाच्या टिकल्या घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. हिरवी म्हणजे कोणीही, पिवळी म्हणजे फक्त त्या पाड्यातले, निळी म्हणजे फक्त ठराविक लोक (बायकांची गाणी बायकांनीच, किंवा एकाच घरातली), लाल म्हणजे फक्त सांभाळून ठेवायचं, वाजवायचं नाही. रंग गाणाऱ्याने लावायचा, आपण नाही. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू लोकांबरोबर याच विचारातून मुकुर्तू नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं, फुकट मिळतं, पण तालुक्याच्या वाचनालयाला एक्सेल शीट आणि टिकल्या पुरतात.

हंगामाचंही असतं. तारपा हे फुंकून वाजवायचं वारली वाद्य नवं भात आल्यावर वाजतं, आपल्या उद्घाटनाच्या सोयीने मे महिन्यात नाही. काही गाणी लग्नातच, काही माणूस गेल्यावर. "आत्ता म्हणून दाखवा ना" असा आग्रह करणारा माणूस पाड्याला लगेच कळतो.

झाडपाल्याच्या औषधांबद्दल मी फार कडक आहे. भगताने, म्हणजे पाड्यावरच्या वैदूने, सांगितलेली मुळी, तिचा फोटो, कशावर चालते, हे फेसबुकवर टाकायचं नाही, प्रदर्शनात लावायचं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाच्या जैवविविधता समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते, नोंद करायची तर तिथे आणि तीही त्यांच्या मर्जीने. कंपन्यांना अशी तयार यादी आयतीच मिळते.

तांत्रिक बाजू साधी आहे. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, कोंबड्यांना काही करता येत नाही. मूळ फाईल वेव्ह फॉरमॅटमध्ये दोन हार्ड डिस्कवर, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या इमारतीत. आणि त्याच आठवड्यात एमपीथ्री करून मेमरी कार्डवर गाणाऱ्याच्या घरी. सीडी, पेन ड्राइव्ह, लिंक, काही उपयोगाचं नाही, पण मेमरी कार्ड ब्लूटूथ स्पीकरमध्ये जातं आणि शेतात वाजतं. मानधन द्या, रोख, पावती घेऊन, दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी नाही. त्या दिवशी ती बाई कामावर गेलेली नसते.

पायरी ७: बाहेर गेलेलं परत आणा

आपल्या भागातलं किती काही आधीच बाहेर पडलंय याची कल्पना नसते. ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा भिल्ल भाषांचा भाग १९०७ मध्ये छापला, त्यात प्रत्येक भाषेचे नमुने, आणि गंमत म्हणजे नमुना म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट भिल्लांकडून वदवून घेतलेली. त्या काळातली ग्रामोफोन रेकॉर्डिंग्जही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर ऐकायला मिळतात. तुमच्या भागातलं काही आहे का शोधा, छापा, डाउनलोड करा, पाड्यावर न्या. जुने फोटो मिळाले तर ए-फोर प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि खाली कोरी जागा सोडा, लोक नावं सांगतात.

अमेरिकेत पासामाक्वडी लोकांची १८९० मधली मेणाच्या नळकांड्यांवरची रेकॉर्डिंग्ज लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे होती. आता कुठलं गाणं कोणी ऐकायचं ते तो समाज सांगतो आणि तशी लेबलं त्या लायब्ररीच्या साइटवर लागलीत. जगातली सगळ्यात मोठी लायब्ररी जर "तुम्ही सांगाल तसं" म्हणू शकते तर आपल्या ड वर्गाच्या वाचनालयाला काय हरकत आहे?

पायरी ८: खुर्ची आणि पैसा

सल्लागार समिती नको, कार्यकारिणीतच जागा द्या. वाचनालयाच्या घटनेत दुरुस्ती करून किमान दोन जागा पाड्यांच्या ग्रामसभांनी सुचवलेल्या लोकांना, त्यातली एक बाई. नवीन सदस्य आल्यावर धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (कार्यकारिणीतल्या बदलाची माहिती) दाखल करायला विसरू नका, नाहीतर ती जागा कागदावर धरतच नाहीत आणि पुढे कोणीतरी त्याचा फायदा घेतं. बैठका बाजाराच्या दिवशी दुपारी, येण्याजाण्याचं भाडं वाचनालयाचं.

पैशाचं रडगाणं सगळ्यांचं सारखंच, अनुदान हप्त्याने आणि उशिरा. तरी दोन वाटा आहेत. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजना, पुस्तकं आणि कपाटांसाठी, अर्ज ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फत. आणि दुसरी म्हणजे पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतून मिळणारा पाच टक्के अबंध निधी, जो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते आणि शिक्षण त्यात बसतं. पण हा पाड्याचा पैसा आहे. वाचनालयाने तो मागायला जायचं नाही. ग्रामसभेलाच वाटलं की आपल्या पाड्यावर एक खोली, एक कपाट पाहिजे, तर अंदाजपत्रक करून द्यायला, पुस्तकं निवडायला मदत करायची, आणि ते कपाट त्यांच्या मालकीचं, आपल्या दाखल नोंदवहीत चढवायचं नाही.

पाड्यावर जो मुलगा किंवा मुलगी पेटी सांभाळते तिला दरमहा काहीतरी ठरलेलं मानधन पाहिजेच. "समाजसेवा" म्हणून फुकट राबवून घ्यायचं आणि वार्षिक अहवालात फोटो छापायचा हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय, दोन महिन्यांत ती मुलगी वैतागते आणि पेटी धूळ खात पडते.

राहिलं ते रेकॉर्डिंग काढून टाकायचं प्रकरण. कधी ना कधी कोणीतरी येऊन म्हणेल की आमच्या बापाचं गाणं काढा, तो आता नाही. अशा वेळी वाद घालायचा नाही, "संशोधनासाठी महत्त्वाचं आहे" हे तर अजिबात म्हणायचं नाही. त्याच दिवशी फाईल लाल टिकलीत टाका, ज्यांना प्रत दिली असेल त्यांना फोन करा, घरच्यांना आणि ग्रामसभेला विचारून पुढे पुसायची की बंद ठेवायची ते ठरवा आणि रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं की ही नोंद आहे पण फाईल कुठे, तर करारातलं ते कलम आणि रजिस्टरचं पान दाखवायचं.